चाक टेकण्याआधी आवळलेला बुश

मी एक जुना बुश आहे. वय विचाराल, तर सात महिने. हसू नका मित्रांनो. माझ्यासारखे बुश वर्षानुवर्षं टिकतात. मी सात महिन्यांत म्हातारा कसा झालो, तेच सांगायचं आहे.

गाडीचं पुढचं चाक एका लोखंडी हाताने धरून ठेवलेलं असतं. त्याला आर्म म्हणतात. हा आर्म गाडीला जिथे जोडतात, तिथे लोखंडावर लोखंड आपटू नये म्हणून मधे मी असतो. बाहेर लोखंडी कडं, आत एक नळी, आणि दोघांना चिकटलेलं काळं रबर. नळीतून बोल्ट जातो. चाक खड्ड्यात गेलं की माझं रबर जरासं पिळतं आणि पुन्हा सरळ होतं. एवढंच माझं काम. कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा तपासणाऱ्या बाईंनी मला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि "चांगलाय" म्हणून खोक्यात टाकलं. ते माझं पहिलं कौतुक.

मी ज्या घरी आलो तिथे चार माणसं होती. आयुष्यभर ट्रक चालवलेले आजोबा, कंप्युटरवर काम करणारा त्यांचा मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात. आजोबांच्या मणक्यात गाठ झाली होती. आठवड्यातून दोनदा त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यावं लागे. माझ्या आधीचा बुश पार झिजलेला. स्पीडब्रेकर आला की खालून खाडकन आवाज यायचा आणि तो दणका थेट आजोबांच्या पाठीत बसायचा. म्हणून सून मागे त्यांच्याजवळ बसायची आणि रस्त्यावरून नजर हटवायची नाही. "बाबा, आला," ती आधीच सांगायची. मग आजोबा दोन्ही तळवे सीटवर टेकवून अंग उचलून धरायचे. "बाबा, अजून एक आहे. छोटाय." त्या रस्त्यावरचे सगळे स्पीडब्रेकर तिला पाठ होते.

गॅरेजवाला म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवा. पण सोमवारी दवाखाना होता. मुलाने ठरवलं, रविवारी घरीच बुश बदलायचा.

सकाळी आजोबांनी मला हातात घेऊन नातीला दाखवलं. "ही गाडीच्या मणक्यातली गादी. तिची नवी मिळते. माझी नाही मिळत."

"दुकानात विचारलंत?"

"विचारलं. म्हणाला, मॉडेल जुनं झालं."

मुलाने गाडी जॅकवर उचलली, स्टँड लावले, चाक काढलं. जुना बुश काही केल्या निघेना. लांब बोल्ट, दोन वॉशर आणि पाइपचा तुकडा लावून त्याने तो कसाबसा बाहेर रेटला. त्याच्या बोटांची सालटी निघाली. सून दर थोड्या वेळाने बाहेर यायची.

"स्टँड हलत नाहीये ना?"

"चौथ्यांदा विचारतेयस."

"पाचव्यांदाही विचारीन. खाली तू आहेस."

साबणाचं पाणी लावून त्याने मला आर्ममध्ये बसवलं, आर्म जागेवर चढवला, बोल्ट घातला. दुपार उलटून गेली होती. खिडकीजवळच्या पलंगावरून आजोबांचा आवाज आला.

"बोल्ट आत्ता नुसता अडकव. चाक लाव, गाडी खाली टेकव, आणि मग आवळ. चाक लटकत असताना आवळू नकोस."

"हो बाबा. तुम्ही पडा जरा."

पण गाडी खाली टेकली की बोल्टपाशी हात जेमतेम पोचतो. मुलाचे खांदे भरून आले होते. एवढ्याने काय होतंय, असं तो स्वतःशीच पुटपुटला आणि चाक लटकत असतानाच त्याने बोल्ट करकचून आवळला. तो घरात गेला तेव्हा खिडकीतून मला स्पष्ट ऐकू आलं.

"खाली टेकवून आवळलास ना?"

"हो, बाबा."

मित्रांनो, चाक लटकताना आवळलं की माझी नळी तशीच जखडते. गाडी खाली आली, चाक वर सरकलं आणि मी पिळलो. गाडी नुसती उभी असली तरी मी पिळलेलाच. ओला कपडा पिळून तसाच वाळत टाकावा, तसा.

सुरुवातीला कुणाला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, "पाण्यासारखी चाललीय रे गाडी. गॅरेजवाल्याला दाखवून दिलंस." मुलाने उगाच आरसा सरळ केला. मी जिवाच्या आकांताने धरून राहिलो. पण चौथ्या महिन्यात माझं रबर एका बाजूने फाटलं आणि पाचव्यात पुन्हा खाडकन वाजायला लागलं.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा मुलाने गाडीचा वेग कमी केला.

"बाबा, आवाज येतोय का?" मुलाने विचारलं.

मला वाटलं, आता ते बोलतील. उभा जन्म ट्रकखाली काढलेला माणूस. नवा बुश पाच महिन्यांत का वाजतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"रस्ताच खराब केलाय मेल्यांनी," आजोबा म्हणाले. "तू समोर बघ."

त्यानंतर प्रत्येक दणक्याला ते रस्त्यालाच शिव्या घालत. दणका मी द्यायचो, शिव्या रस्ता खायचा. दर फेरीत त्यांचा आवाज बारीक होत गेला. सहाव्या महिन्यात एके दिवशी गाडी दवाखान्यातून परत आली, तेव्हा मागच्या सीटवर सून एकटीच होती. आजोबा गेले होते.

महिन्याभराने मुलाने पुन्हा चाक काढलं. मी त्याच्या हातात आलो. एका बाजूने फाटलेला, आणि फाटही पिळाच्या दिशेने. तो जमिनीवर बसून मला किती तरी वेळ फिरवून बघत राहिला. नात शेजारी उकिडवी बसली.

"हा का खराब झाला?"

"मी चुकीचा आवळला."

"आजोबांना सांगितलंस?"

"नाही."

"मग त्यांना कळलंच नाही?"

त्याने नवा बुश बसवला, बोल्ट नुसता अडकवला, चाक लावलं, गाडी खाली टेकवली. मग पोटावर झोपून, गाल जमिनीला लावून, त्याने गाडीखालच्या अरुंद फटीतून हात घातला आणि हळूहळू बोल्ट आवळला. मी बाजूलाच पडलो होतो. त्याला घड्याळ बघताना मी पाहिलं. दहा मिनिटं लागली होती.

त्याने मला फेकलं नाही. गाडीच्या दाराच्या कप्प्यात ठेवलं. त्याच संध्याकाळी तिघं गाडीतून निघाले. सून सवयीने मागेच बसली होती. वळणापलीकडे पहिला स्पीडब्रेकर दिसला.

"बाबा, आला," ती म्हणाली.

गाडी वर चढली, खाली उतरली. काहीच वाजलं नाही.

मित्रांनो, तुमच्या हातूनही कधी काम अर्धं राहील. दमलात तर राहू द्या. पण आतून कुणी विचारलं, "नीट केलंस ना?" तर "नाही, राहिलंय" एवढं म्हणा. विचारणारं माणूस आत आहे तोवर म्हणा. काम दहा मिनिटांचंच असतं.