विरजणासारखी वाटलेली सीडी

मित्रांनो, बोरगाव मेघेच्या टोकाला वांग्याच्या वावरात दोरीला टांगलेली एक चकती वाऱ्यावर गरगर फिरते, ती मी. मी एक जुनी सीडी आहे. माझ्या चकाकीला पाखरं भितात. त्यांचं काही चुकत नाही.

नागपुरातल्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. कोणीतरी वर्षानुवर्षं खपून तयार केलेलं मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर त्याला न विचारता माझ्यावर उतरवलं गेलं. त्याच्या आडून आणखी काहीतरी आत शिरलं. ते निपचित पडून एका तारखेची वाट पाहत होतं. मला ते जाणवायचं, पण सांगायला तोंड नव्हतं.

सिंदी रेल्वेच्या मनोहररावांनी मला आणलं. लग्नपत्रिका छापायचं त्यांचं दुकान होतं. माणूस मोठ्या मनाचा. मागेल त्याला माझी नक्कल करून द्यायचे. "विरजण देल्यानं आपलं दही कमी होते काय?" म्हणायचे. सेलू, हिंगणघाट, अल्लीपूर; माझी नक्कल जिथे गेली, तिथे तो आतला झोपलेलाही गेला.

दुकानातल्या ज्या संगणकात मला चालवायचे, त्याच संगणकात त्यांच्या पत्नीचा, विमलाबाईंचा आवाज होता. आजारपणात त्यांनी माईकसमोर बसून मुलीसाठी चार गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. हर्षानं त्या लग्नानंतर ऐकायच्या, असं ठरलं होतं. विमलाबाई गेल्या. मनोहरराव दुकान बंद करण्याआधी रोज तो आवाज लावत.

"हर्षा, शेजारचं विरजण आणशीन तं आधी वास घेजो. बिघडलं असन तं सारं दूध जाते. तुया बाबाले हे कधी समजलं नाई."

मनोहरराव दरवेळी हसत.

एप्रिलातल्या एका सकाळी अल्लीपूरहून कैलासचा फोन आला. त्याचंही पत्रिकांचंच दुकान. मशीन काळी पडली म्हणाला. मनोहररावांनी त्याची थट्टा केली, माझी नक्कल पुन्हा टाकून पाहायला सांगितलं. "थांब, मी इथं चालवून पाह्यतो."

ती तारीख उजाडली होती. त्यांनी बटण दाबलं, सॉफ्टवेअर उघडलं. पडदा गोठला, मग काळा झाला. पुन्हा काही उठलं नाही. फोन मात्र वाजत राहिला. सेलूहून, हिंगणघाटहून. त्यांनी तो उचलला नाही.

दुरुस्तीवाल्यानं मान हलवली; व्हायरसनं आतलं सारं पुसून टाकलं होतं, आवाजासकट. सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे कोणत्या तोंडानं जायचं? साऱ्या जिल्ह्याला नकला वाटणाऱ्या मनोहररावांनी त्या आवाजाची एकही नक्कल केली नव्हती.

लग्नानंतर हर्षा तो आवाज ऐकायला आली. तिनं विचारलं, "बाबा, आई काय म्हणे?"

मनोहररावांनी काळ्या पडद्यावरची धूळ पुसली.

"आधी वास घेजो म्हणे."

आता मनोहररावही नाहीत. हर्षानंच मला इथे, तिच्या सासरच्या वावरात टांगलं. मित्रांनो, न विचारता घेतलेल्या वस्तूबरोबर काय आत येतं, ते घेताना दिसत नाही. ती कोणाच्या कष्टाची आहे, एवढं आधी विचारा.

वावराला लागूनच हर्षाचं घर आहे. शेजारीण विरजण घेऊन येते, तेव्हा हर्षा वाटी नाकाशी नेते. आणि वास घेऊन झाल्यावरही तिचा हात लगेच खाली येत नाही.