तेल घातलेलं पीठ

होग्ला कुंभाराशी दोन शब्द हसून बोलली, एवढ्यावरून तिचा नवरा अहबान याचं डोकं फिरलं आणि त्याने तिला थेट मंदिरात, याजकापुढे उभं केलं. याजकाने कडू पाणी तयार ठेवलं होतं. ते प्यायल्यावर खोटं बोलणारीचं पोट फुगतं. होग्ला मनात म्हणत होती, आण रे बाबा तो पेला, एका घोटात रिकामा करते!

त्याआधी देवाला अर्पण करायला अहबानने आणलेल्या जवाच्या पिठात याजकाने हात घातला आणि तो भडकलाच.

"अरे, संशयाच्या अर्पणात तेल चालत नाही, कोरडं पीठ लागतं! हे कुणी केलं?"

"मीच," अहबान खाली बघत पुटपुटला. "म्हटलं, परतीच्या वाटेवर उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या करू. बिनतेलाची भाकरी हिच्या घशाखाली उतरत नाही."

"परतीच्या वाटेवर? दोघांसाठी? म्हणजे ही खरी आहे हे तुला घरीच ठाऊक होतं! मग माझं डोकं कशाला खातोस? चालता हो!"

वाटेत होग्लाने तापलेल्या दगडावर भाकरी भाजली आणि पहिला तुकडा नवऱ्याच्या तोंडात कोंबला.

"खा गुमान. आणि आता तू सांग, कडू लागतेय का?"