बाईंच्या फाइलचं पान

लहानपणी बोलायला उशिरा लागली म्हणून घरच्यांनी तिला 'मुकी' म्हणायला सुरुवात केली. पुढे ती चारचौघींसारखी बोलायला लागली तरी नाव काही सुटलं नाही, अगदी सासरपर्यंत मागे आलं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट तिच्या कामाला ते शोभायचं. आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं सगळं करणाऱ्या एका संस्थेत ती अकरा वर्षं नोकरीला होती. या अकरा वर्षांत तिने किती घरांची अंथरुणं आणि किती घरांची भांडणं पाहिली असतील, पण एका घरातलं दुसऱ्या घरात कधी नेलं नाही. तिच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या जाऊबाई खोदून खोदून विचारायच्या, "काय गं, त्या वकिलांच्या आईला खरंच सुना बघत नाहीत?"

"मी रक्तदाब बघते," मुकी म्हणायची, "सुना नाही बघत."

दोन वर्षांपासून ती बाईंकडे जात होती. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या पोटावर कायमची पिशवी लावलेली होती. ती दर तीन दिवसांनी बदलायची, आजूबाजूची कातडी जपायची, गोळ्या वेळेवर द्यायच्या, हे मुकीचं काम. डॉक्टर, परगावचा एक भाऊ आणि मुकी सोडली तर पिशवीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. बाई सैल कपडे घालत, आणि दुपारी चारला मुकीच्याच इमारतीतल्या पाच मुली वह्या घेऊन शिकवणीला आल्या की जेवणाच्या टेबलाशी अशा ताठ बसत की कुणाला शंकाही येऊ नये.

"मुलींना माझं गणित दिसलं पाहिजे," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "बाकी काही दिसायचं कारण नाही."

मग मुकीच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिने तीन दिवसांची सुट्टी घेतली. बदलीवर येणार होती ती मुलगी नवी. तिला बाईंची सगळी माहिती द्यायला हवी होती. माहितीची फाइल बाईंच्या स्वयंपाकघरातल्या खणात असे. ती फाइल घराबाहेर न्यायची नाही, तिचा फोटो काढायचा नाही, असा संस्थेचा नियम होता. नोकरीला लागताना त्याखाली सगळ्यांनी सही केली होती. पण फोटो सगळ्याच काढत. सुपरवायझर मॅडमनी तर त्यासाठीच कामाचा एक ग्रुप फोनवर उघडून दिला होता. मुकीने ओट्यावर फाइल ठेवून पहिल्या पानाचा फोटो काढला आणि जिना उतरता उतरता, एका हातात पर्स आणि दुसऱ्यात फोन अशा अवस्थेत, अंगठ्याने पाठवून दिला.

बसमध्ये बसून अकरा मिनिटं झाली असतील. फोन वाजला. मुकीच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी विचारलं होतं, 'हे काय आहे?'

फोटो कामाच्या ग्रुपवर नव्हे, इमारतीच्या ग्रुपवर गेला होता. बाईंचं पूर्ण नाव, पत्ता, वय. कॅन्सर. पोटावरची पिशवी. 'नैराश्याची गोळी, सकाळी एक.' आणि सगळ्यात खाली, तिच्याच गोल अक्षरात: 'मागच्या दाराची किल्ली मीटरच्या पेटीत.'

तिने पान पुसून टाकलं. पुसायच्या आधी कुणी कुणी पाहिलं ते मोजलं. चौदा जण. 'चुकून आलं, माफ करा' असं तिने लिहिलं, त्यावर कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं, मग कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला आणि ग्रुप पुढे गेला. मुकी मात्र तिथेच राहिली. पहिलं काम तिने केलं ते किल्लीचं. बदलीवरच्या मुलीला फोन करून म्हणाली, "ती किल्ली आत आणून ठेव गं. बाहेर गंजतेय." किल्ली आत आली, आणि दोन वर्षांत बाईंच्या बाबतीत बोललेलं तिचं पहिलं खोटंही तिच्या खात्यावर जमा झालं.

सुट्टी संपवून ती परत गेली तेव्हा चारला तीनच मुली आल्या.

"दोघी आजारी असतील," बाई म्हणाल्या.

"असतील," मुकी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोन आल्या, मग एक. त्या एकीलाही तिची आई दारापाशी सोडून तिथेच थांबायची, आणि मग तीही यायची बंद झाली. पाचातली एक जाऊबाईंची मुलगी, म्हणजे मुकीची पुतणीच होती. म्हणून मुकी मनाचा हिय्या करून वर गेली. जाऊबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"वहिनी, पोरीचं काय झालंय? गणिताला का पाठवत नाही?"

"तूच विचारतेस?" जाऊबाईंनी घडी मांडीवर ठेवली. "तूच तर पाठवलंस ना ते. डोक्याच्या गोळ्या घेतात म्हणे त्या. पोरींना एकटं बसवायचं अशा बाईपुढे? उद्या काही झालं तर?"

"डोक्याच्या नाहीत हो. ऑपरेशननंतर..." मुकी थांबली. पुढचं प्रत्येक वाक्य म्हणजे बाईंच्या फाइलचं आणखी एक पान होतं. गोळी कसली आहे ते सांगावं तर ती का लागली ते सांगावं लागणार, ते सांगावं तर पिशवीवर यावं लागणार.

"बघ, तुलाही बोलता येत नाही," जाऊबाई म्हणाल्या, जरा मऊपणानेच. "मी तुला दोष देत नाही. उलट बरं झालं, कळलं तरी."

ते 'बरं झालं' घेऊन मुकी जिना उतरली. तिने घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुसलंस ना? मग गप्प बस. नोकरी घालवशील." तीही गप्प बसली. गप्प बसणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं, पण आजवर ते दुसऱ्यासाठी होतं. आता ते स्वतःसाठी होतं, आणि दोन्हींत केवढा फरक आहे ते तिला रोज सकाळी बाईंच्या दाराची घंटा वाजवताना कळत होतं.

कारण बाईंनी आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं. मुली येत नाहीत, म्हणजे आपलं शिकवणं बिघडलं. त्या जुन्या वह्या काढून तपासत बसू लागल्या. एका वहीत त्यांना स्वतःच्याच हातची चूक सापडली: वजाबाकीत हातचा विसरला होता. तेवढा पुरावा त्यांना पुरला.

"मला एकोणतीसचा पाढा विचार," एके सकाळी पिशवी बदलताना त्या म्हणाल्या.

"बाई, मलाच कुठे येतो?"

"मग कागदावर लिहून घे आणि पडताळ." आणि छताकडे बघत त्या म्हणू लागल्या. एकोणतीस साते दोनशे तीन. एकोणतीस आठे... इथे त्या अडल्या. कुणीही अडलं असतं. पण बाईंचा चेहरा उतरला. "बघितलंस?" त्या म्हणाल्या. "पोरींना कळलं. मला कळायच्या आधी."

मुकीचा हात पिशवी कातडीला धरून ठेवणाऱ्या चकतीवर तसाच राहिला. आत्ता बोल, असं ती स्वतःला म्हणाली. पण ती म्हणाली, "पाणी कोमट आहे ना?"

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती आली तेव्हा बाई बाहेर जायच्या कपड्यांत तयार बसल्या होत्या. हातात एक चिठ्ठी होती.

"साडेअकराला विसरभोळेपणाच्या डॉक्टरांकडे जायचंय. तू बरोबर चल. ते काय विचारतात ते तूही ऐक. पुढे मागे तुलाच माझं सगळं बघावं लागणार." मग जरा हसून, "घर बंद करून भावाकडे राहायला जाईन म्हणते. शिकवणंच नाही तर इथे काय करू?"

मुकी टेबलाशी, मुली बसत त्या खुर्चीवर बसली. बाईंच्या घरात ती कधी अशी बसली नव्हती.

"बाई, तुमचं डोकं शाबूत आहे. मुली माझ्यामुळे येत नाहीत."

मग तिने सगळं सांगितलं. जिना, अंगठा, अकरा मिनिटं, चौदा जण, जाऊबाई, किल्ली, गंज. काही गाळलं नाही. बाई शेवटी म्हणाल्या, "ते पान दाखव."

फोटो मुकीच्या फोनमध्ये अजून होता. बाईंनी चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मुलींच्या वह्या वाचत तसंच, ओळीखाली बोट सरकवत. किल्लीच्या ओळीशी बोट थोडं थांबलं.

"चौदा जणांनी पाहिलं."

"हो."

"अंगठा चुकला, ते मी समजू शकते. माझाही हातचा चुकतो." त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मुकीला सोसवेना. "पण तीन आठवडे गं? तीन आठवडे मी वेडी होत चाललेय असं समजून पाढे म्हणत होते. तू ते कागदावर लिहून घेत होतीस. बरोबरच्या खुणा करत होतीस."

मुकीने माफी मागायला तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला.

"उद्यापासून येऊ नकोस, असं म्हणायला हवं मला. म्हणेनही. पण आज तिसरा दिवस आहे." त्या उठल्या. "चल, पिशवी बदल."

आतल्या खोलीत बाई पलंगावर आडव्या झाल्या आणि त्यांनी कपडे वर केले. मुकीने कोमट पाण्याने कातडी पुसली, कोरडी केली, चकतीचं भोक कापून घेतलं, ती बसवली, तळहाताची ऊब देत पाच मिनिटं दाबून धरली. इतर दिवशी या पाच मिनिटांत बाई शाळेतल्या गमती सांगत. आज त्यांनी मान भिंतीकडे वळवली होती. ज्या हाताने पान पाठवलं त्याच हाताखाली त्यांना निमूट पडून राहावं लागत होतं, आणि याला दोघींकडेही इलाज नव्हता. पाच मिनिटं एवढी लांब असतात हे मुकीला माहीत नव्हतं.

बाईंनी डॉक्टरांना फोन करून वेळ रद्द केली. मुकी तिथून थेट ऑफिसात गेली.

"पुसलंस ना?" सुपरवायझर मॅडम पहिल्यांदा तेच म्हणाल्या. "मग वाढवू नकोस. लेखी आलं तर वरपर्यंत जाईल. तो ग्रुप मी उघडलाय, माझंही नाव येईल."

"येऊ दे मॅडम. माझं पहिलं येईल."

"बाईंनी तक्रार केलीय?"

"नाही. मी करतेय. माझी."

तिने तिथेच बाकावर बसून दोन पानं लिहिली. मॅडमनी ती घेतली, कपाळाला हात लावला, पण फाडली नाहीत. पंधरा दिवस मुकीला घरी बसवलं. कामाचा ग्रुप बंद झाला. बदलीवर जाणारीने आता त्या घरी जाऊन फाइल वाचायची, फोटो काढायचा नाही, असं ठरलं आणि या वेळी पाळलंही गेलं. संस्थेने बाईंना माफीचं पत्र पाठवलं. मुकीला दुसरं घर मिळालं, बाईंना दुसरी सेविका.

मुलींच्या आयांना बाईंनी स्वतः फोन केले. त्या काय बोलल्या ते मुकीला जाऊबाईंकडून थोडंसं कळलं. "मला म्हणाल्या, माझा आजार हा असा आहे, गोळी या कारणाची आहे, आता तुम्ही ठरवा. अगदी शाळेत बोलायच्या तशा. मला बाई, उभं राहून ऐकावंसं वाटलं." पुतणी परत जायला लागली. तिच्यामागून आणखी एक गेली. तिघी गेल्या नाहीत.

"अजून काय म्हणाल्या?" जाऊबाईंनी सांगावं म्हणून नव्हे, पण राहवलं नाही म्हणून मुकीने विचारलं.

"तुझं नाव काढलं नाही," जाऊबाई म्हणाल्या.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी बाईंकडच्या नव्या सेविकेचा फोन आला. चकती टिकत नाही, कडेने सुटते, बाईंची कातडी लाल झालीय, तुम्ही काय करत होता?

मुकीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तरी ती म्हणाली, "आधी बाईंना विचार. मी सांगितलेलं चालेल का?"

पलीकडे कुजबुज झाली. मग बाईंचा आवाज लांबून आला, कोरडा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा: "सांगू दे तिला."

मुकीने सांगितलं. साबण वापरू नकोस. भोक जरा लहान काप. पावडर झटकून टाक, थर ठेवू नकोस. आणि तळहात आधी चोळून गरम करून घे, त्यांना गार हात सोसत नाही. सेविका एकेक गोष्ट मोठ्याने म्हणत लिहून घेत होती. बाई फोनवर येतील असं मुकीला शेवटपर्यंत वाटत राहिलं. त्या आल्या नाहीत. "झालं, ताई," म्हणून सेविकेने फोन ठेवला, आणि मुकी नव्या घरातल्या आजोबांची औषधं काढायला उठली.