पावसाळ्याचा वाटेकरी

"डोंगर पाहावा तर हिवाळ्यात! बाकीच्या ऋतूंत डोंगराकडे बघणं म्हणजे त्याच्या आंघोळीच्या वेळी दार उघडण्यासारखं आहे!"

ही घोषणा दादांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात भर सकाळी, हातात भिंग धरून केली. घोषणा वजनदार होती. अडचण एवढीच की हिवाळ्यातला डोंगर त्यांनी स्वतः कधी पाहिलाच नव्हता.

समोरच्या उंच खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर नंबर तपासायची जड चौकट होती. डोंगर कुठल्याही ऋतूत पाहिला तरी त्याची हरकत नव्हती. "मालक, मला ती खालची ओळ अजून दिसत नाही," तो चाचरत म्हणाला.

"तुम्हाला निदान तक्ता तरी दिसतोय!" दादा कडाडले. "मला लग्नापासून आजपर्यंत नुसता ढग दिसतोय!"

गिऱ्हाईक भिऊन म्हणालं, "मलाही आता बरंच दिसायला लागलंय," आणि चुकीच्या नंबराचा चष्मा पसंत करून निघून गेलं.

त्या ढगाची हकीकत अशी. दादांचे वडील सामन्यांचे पंच होते. मैदानावर शिट्टी वाजवायची आणि निकाल द्यायचा, त्यावर दाद-फिर्याद नाही, ही सवय त्यांनी घरीही सोडली नाही. डोंगरावर त्यांनी एक टुमदार घर बांधलं होतं. वाटणीची वेळ आली तेव्हा त्यांनी घराचे तुकडे केले नाहीत, वर्षाचे केले. मुलं तीन, ऋतू तीन. ज्याने त्याने आपल्या ऋतूत राहावं, दुसऱ्याच्या ऋतूत उंबऱ्याला पाय लावू नये. "आणि थोरल्याने आधी निवडायचं," असं म्हणून त्यांनी जेवणाच्या टेबलावर जवळपास शिट्टी वाजवलीच.

दादांचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी बायकोकडे एक ओझरती नजर टाकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पावसाळा." तिने मान खाली घातली. ती लाजली असं दादांना वाटलं. ती हसू दाबत होती हे कळायला एक पावसाळा पुरला.

कारण पावसाळ्यातलं ते घर म्हणजे भिजलेला स्पंज होता. काड्यापेटी पेटत नसे, उशांना तळघराचा वास येई, भिंतीवर बुरशीचे नकाशे उमटत. छपराचा मागचा कोपरा हटकून गळायचा. त्याखाली बादली ठेवा, भरली की ओता, पन्हळीतला पाला काढा, भिंती पुसा, यातच दादांचा सगळा ऋतू जायचा. छपराला डांबर लावावं तर ओल्यात डांबर धरत नाही. व्हरांड्यासमोर म्हणे एक देखणं शिखर होतं. दादांचा त्याच्यावर विश्वास होता, पण भेट नव्हती. दोघांच्या मधला ढग काही हलला नाही. मग पाऊस संपायचा आणि दादा कोरडंठाक, झाडूनपुसून लख्ख केलेलं घर कुलूप लावून धाकट्या भावाच्या, म्हणजे वकिलाच्या, हवाली करायचे. हिवाळा वकिलाचा होता. त्यामागून येणारा उन्हाळा बहिणीचा. ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरातही सगळ्यांना रांगेत उभं करायची.

इतकी वर्षं दादांनी हे गिळलं. यंदा मात्र डॉक्टरांनी त्यांचे गुडघे हलवून पाहिले आणि म्हणाले, "डोंगर चढायचा तर याच वर्षी चढून घ्या. पुढचं मी सांगत नाही." रस्ता जिथे संपतो तिथून घरापर्यंत चांगलाच चढ होता. म्हणजे शिखर पाहायचं तर येत्या हिवाळ्यात, नाहीतर मग फोटोत. दादांचा भडका उडाला तो यामुळे.

त्यांनी भावंडांपुढे करायचं भाषण स्वयंपाकघरात पाठ करायला घेतलं. बायको वाटाणे सोलत ऐकायची.

"कसं वाटतंय?"

"चांगलंय. पण 'अन्याय' फार वेळा येतोय. अधूनमधून 'गुडघे' घाला."

"गुडघे शेवटी आहेत. गुडघ्यांवर मी त्यांना रडवणार आहे."

"वकिलाला?" बायको म्हणाली आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळली.

ठरल्या दिवशी दोघं वकिलाच्या घरी पोचली. मुख्याध्यापिका आधीच येऊन बसली होती.

"ये दादा, बस," वकील म्हणाला.

"मी बसायला आलेलो नाही," दादा गरजले, आणि सोफा अगदी पायाशीच असल्यामुळे बसले.

बसल्यावर त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथे दाराएवढा फोटो होता. निळंशार आकाश, त्यात सोन्यात बुडवून काढल्यासारखं शिखर, अलीकडे व्हरांडा, आणि व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर, कठड्यावर पाय टाकून, वकीलसाहेब.

"हेच का ते शिखर?" दादांनी विचारलं.

"हेच. का रे?"

"काही नाही. आज पहिल्यांदाच भेटतोय. आणि ही खुर्ची! या खुर्चीचा वेत मागच्या पावसाळ्यात मी विणलाय!"

"अय्या," मुख्याध्यापिका म्हणाली, "मला वाटलं ती आधीपासून तशीच आहे."

दादा उठून उभे राहिले. आता भाषण अडवणं कोणाच्याही हातात नव्हतं. "आधीपासून! तुमच्या दृष्टीने सगळंच आधीपासून आहे! माझ्या वाट्याला ढग आणि तुमच्या वाट्याला शिखर, हा कुठला न्याय? मी जळवा काढायच्या आणि याने फोटो काढायचे! एका आईच्या पोटची आपण तिघं, त्यातला एकटाच काय बुरशी पुसायला जन्माला आला? हा अन्याय..."

"पण दादा, पावसाळा तूच मागितलास," मुख्याध्यापिका म्हणाली.

"मागितला! माणूस ऐन तरुणपणी काय वाटेल ते मागतो. तू त्या वयात गिटार मागितली होतीस. ती अजून कुणी तुझ्या गळ्यात अडकवून ठेवलीय का?"

वकील चष्मा पुसत होता. तो दादांच्याच दुकानातला, फुकटचा. चष्मा डोळ्यांवर चढवून तो शांतपणे म्हणाला, "मग घे ना हिवाळा."

दादांनी कान पुढे केला.

"म्हणजे?"

"म्हणजे यंदाचा हिवाळा तू घे. त्या बदल्यात पुढचा पावसाळा माझा. फिट्टंफाट."

दार जोरात ढकलावं आणि ते आधीच उघडं असावं, तसं दादांचं झालं. ते भाषणासकट पलीकडे पडले. अजून निम्मं भाषण शिल्लक होतं.

"गुडघे राहिले," बायको हळूच म्हणाली.

"हो! माझ्या गुडघ्यांचं तरी ऐकून घ्या!" दादा ओरडले. भावंडांनी थोरल्या भावाचा मान ठेवून गुडघ्यांचंही ऐकून घेतलं. रडलं कोणी नाही. मुख्याध्यापिकेने बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

निघताना दारात बूट चढवताना दादांचं मन मोठं झालं. जिंकलेल्या माणसाचं होतंच. "हे बघ," ते वकिलाला म्हणाले, "पावसाळ्यात गेलास की मागच्या कोपऱ्याखाली लगेच बादली ठेव. मोठी."

"मी कशाला जाईन?" वकील हसला. "कुलूप लावून टाकायचं. पावसाळ्यात डोंगरावर कोण जातं?"

"अरे, मग छप्पर?"

"छपराला काय झालंय? इतकी वर्षं मी जातोय, एक थेंब गळताना पाहिला नाही."

"हिवाळ्यात?" दादांचा आवाज चिरकला. "तू हिवाळ्यात गळायची वाट बघत होतास?"

"बाबांनी बांधकामच तसं पक्कं केलंय," मुख्याध्यापिका कौतुकाने म्हणाली. "घर कसं आपलं आपण नीट राहतं. मी तर शाळेत मुलांना त्याचं उदाहरण देते. स्वावलंबनाचं."

एरवी गिऱ्हाइकापुढेही भाषण ठोकणारे दादा अवाक्षर न बोलता जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांना वाचा फुटली, आणि घर येईपर्यंत ती मिटली नाही. स्वावलंबन! म्हणजे मी कोण? मी घराचा अवयव? पत्रा? खिळा?

हिवाळा आला. दोघं चढाला लागली. दादांचे गुडघे दर वळणावर कुरकुरत होते आणि दादा त्यांच्याहून मोठ्याने. त्यांच्या पाठीवरची पिशवी भलतीच जड होती.

"आहे काय एवढं त्यात?" बायकोने विचारलं.

"डांबर. खिळे. तारेचा ब्रश."

"आपण शिखर बघायला चाललोय ना?"

"बघायलाच! पण येत्या पावसाळ्यात इथे काळं कुत्रं फिरकणार नाही. कोरडी हवा मला जन्मात पहिल्यांदा मिळतेय. तो कोपरा आत्ताच पक्का केला नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत वासे कुजतील, आणि ते दोघं म्हणतील, दादा हिवाळ्यात राहिला आणि घर मोडून आला!"

बायकोने चहा केला. कप घेऊन ती व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली आणि इकडेतिकडे पाहून तिने पायही कठड्यावर टाकले. दादा घराच्या मागच्या बाजूला शिडीवर चढले होते.

"अहो!" थोड्या वेळाने हाक आली. "आलं! सगळंच्या सगळं दिसतंय!"

"एक थेंब म्हणे गळताना पाहिला नाही!" मागून ब्रश घासल्याचा आवाज आला. "इथे हात घालून बघ म्हणावं, कोपर जाईल आत!"

"अहो, गुलाबी झालं! या ना!"

"फोटो लावतो भिंतीवर! माझ्या खुर्चीत बसून!"

"अहो, सोनेरी! किती गुडघे गुडघे केलंत, आता त्याच गुडघ्यांनी उतरा खाली!"

"शिखर कुठे पळून जात नाही! त्याला मी कधी डांबर लावलं नाही, तरी उभं आहे. घर मात्र माझ्या जिवावर उभं आहे आणि नाव बाबांचं!"

बायको उठून मागे आली. "निदान मान तरी वळवा," ती शिडीखाली उभी राहून म्हणाली.

दादांनी डांबराचा ब्रश दातांत धरायचा मोह आवरला, छपराला घट्ट धरलं आणि मान वळवली. पन्हळीच्या कडेवरून शिखराचा सोनेरी तुकडा दिसत होता. दादा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. नाकावर घसरलेला चष्मा त्यांनी मनगटाने वर ढकलला.

"दिसलं?"

"दिसलं." दादांनी मान परत फिरवली. "फोटोत मोठं होतं."

बायकोच्या हातातला चहा निवत चालला होता.

"आता आलीच आहेस," दादा वरून म्हणाले, "तर जरा शिडी धर. हलतेय."