माझ्या पोटातला केस
मित्रांनो, माझ्या पोटात एका बाईचा लांबसडक सोनेरी केस ताणून बसवलेला आहे. हवा दमट झाली की तो लांबतो, कोरडी झाली की आखडतो आणि माझा काटा फिरवतो. मी हवेतला दमटपणा मोजणारा एक जुना मापक आहे.

सर्बियातल्या नोवी साद शहरात तंबाखूच्या गोदामात मी तीस वर्षं काढली. कोरड्या हवेत पान चुरतं, म्हणून पानाला हात लावण्याआधी बायका मला बघत. काय थाट होता माझा! पुढे गोदाम बंद पडलं आणि तियाना नावाच्या तरुणीने तिथे गरम खोलीतला योगवर्ग काढला. तापमान तेवढं, चाळीस अंश, दाखवणारं चकचकीत यंत्र आलं, मी भिंतीवर धूळ खात राहिलो.

पण माणसाच्या कातडीने मला थक्क केलं! एवढ्या उष्म्यात ती घाम सोडते, घाम वाळतो आणि अंग आपोआप निवतं.

तियानाची आई देसांका तरुणपणी याच गोदामात पानं निवडायची. दार-खिडकीतून आरपार जाणाऱ्या वाऱ्याची, प्रोमायाची, तिला भारी धास्ती; तो लागला की माणूस आजारी पडतो, असं ती मानायची. एका जानेवारीत तिने खिडकीच्या फटींत आणि झरोक्यात घोंगड्या कोंबल्या.

वीस जणांचा घाम हवेत साठला. माझा काटा चाळीस टक्क्यांवरून सत्तर टक्क्यांवर गेला. घाम गळत होता, पण वाळत नव्हता.

"मावशी, मीठ टाका, मी शिजलोच!" वर्गातला बसचालक झार्को देसांकाला म्हणाला. सगळे हसले. थोड्याच वेळात त्याचे ओठ पांढरे पडले आणि तो भिंतीला टेकला.

"दहाच मिनिटं! चाळीसच तर अंश आहेत," तियाना म्हणाली.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. त्या वेळी फार वाईट वाटलं.

देसांका टॉवेल घेऊन झार्कोकडे धावली. जुन्या सवयीने तिची नजर माझ्याकडे गेली. तिने माझी काच पुसली.

"सत्तर? अगं तियाना, सत्तरला आम्ही बुरशीच्या भीतीने पानंसुद्धा बाहेर काढायचो! उघड खिडकी! मी दार उघडते!"

"दोन्ही? आई, प्रोमाया?"

"येऊ दे मेली!"

थंड वारा आरपार घुसला. देसांका मानेला रुमाल गुंडाळून, डोळे गच्च मिटून, पाठीने दार अडवून उभी राहिली. झार्कोच्या ओठांवर रंग येईपर्यंत ती हलली नाही.

आता वर्गाआधी तियाना मला बघते. मित्रांनो, तुमच्या भिंतीवर कुणी माझ्यासारखा असेल, तर त्याची काच पुसत जा. आम्हाला हाक मारता येत नाही.