नेस्लिहानचं व्याख्यान

जपानमधल्या त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेत यामिनी आणि नेस्लिहान एकाच खोलीत बसायच्या. यामिनी पुण्याची, काँक्रीटवर पोस्टडॉक करणारी. नेस्लिहान तुर्कस्तानातल्या अंताक्याची. भूकंपात इमारती का पडतात, हा तिचा विषय. २०२३च्या फेब्रुवारीत तिच्याच गावात भूकंप झाला आणि तिची मावशी ढिगाऱ्याखाली गेली. तळमजल्यावर दुकान काढायचं म्हणून त्या इमारतीचे खांब मालकाने तोडले होते. भूकंपाच्या काही वर्षं आधी सरकारने पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामांना माफी दिली, तेव्हा ती इमारतही कायदेशीर झाली होती.

"भूकंपाने नाही मारलं तिला," नेस्लिहान म्हणायची, "सहीने मारलं."

त्याच वर्षी मे महिन्यात तुर्कस्तानात निवडणूक होती. ती मत द्यायला टोकियोतल्या तुर्की दूतावासात निघाली तेव्हा यामिनीही सोबत गेली. गाडीत नेस्लिहान सारखी बोलत होती. या वेळी सरकार जाणार, लोक इतकं विसरत नसतात. सरकार गेलं नाही. भूकंपाच्या पट्ट्यातल्या कितीतरी गावांनीही पुन्हा त्यालाच निवडलं, ते तिला जास्त लागलं. तरी ती लिहीत राहिली. कोणाची इमारत, कोणाची परवानगी, सगळं नावानिशी, फोटोंसकट इंटरनेटवर टाकत राहिली.

२०२५च्या मार्चमध्ये इस्तंबूलच्या विरोधी पक्षाच्या महापौरांना अटक झाली आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांत तिचा धाकटा भाऊ ओनुर होता. त्याला पोलिसांनी उचलल्याचं आईने फोनवर सांगितलं, तेव्हा नेस्लिहान खुर्चीवरून उठली आणि तिकीट शोधायला लागली.

तिने ओनुरच्या वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, "येऊ नका. विमानतळावर अडवतील असं नाही, पण अडवणार नाहीत असंही मला सांगता येत नाही. आणि तुमचं लिखाण त्याच्या फाइलला जोडलं जाऊ नये असं वाटत असेल, तर ते काढून टाका."

तिने काढून टाकलं. यामिनी शेजारी बसून होती. एकेक फोटो पुसताना नेस्लिहान तो आधी पूर्ण उघडून बघत होती.

काही आठवड्यांनी ओनुर सुटला, पण खटला राहिला. व्हिडिओवर तो दिसला की ती विचारायची, "तुला मारलं का?" तो विचारायचा, "ताई, तिकडे थंडी कमी झाली का?" विद्यापीठाचं नाव तो घेईना. मामाच्या फरशीच्या दुकानात बसतो, एवढं आईकडून कळलं.

शरद ऋतूत संस्थेत पुनर्बांधणीवर परिसंवाद झाला. नेस्लिहानला अंताक्यावर बोलायचं होतं. पाहुण्यांत तिच्या देशातून आलेले दोन सरकारी अधिकारी पहिल्या रांगेत होते. व्याख्यान चांगलं झालं. मग इमाइझुमी-सान या वयस्कर जपानी प्राध्यापकांनी पडद्यावरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं.

"ही पडली आणि शेजारची उभी राहिली. फरक कशाचा?"

ती तिच्या मावशीची इमारत होती.

"जमिनीचा," नेस्लिहान म्हणाली. "तिथे माती जास्त मऊ आहे."

इमाइझुमी-सान यांनी पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. मग मान लववून खाली बसले.

चहाच्या वेळी यामिनीने तिला बाजूला घेतलं. "दोन इमारतींत दहा मीटरचंही अंतर नाही. माती कशी बदलेल?"

"नाही बदलत," नेस्लिहान म्हणाली. "ओनुरची तारीख पुढच्या महिन्यात आहे."

तेवढ्यात ते दोन अधिकारी आले. फार नम्र माणसं होती. पुनर्बांधणीच्या आमच्या सल्लागार समितीवर तुमचं नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. नेस्लिहानने वेळ मागून घेतला आणि संध्याकाळी वकिलांना विचारलं. ओनुरच्या खटल्यासाठी ते बरं पडेल, असं ते म्हणाले. तिने होकार कळवला.

ओनुरची सुनावणी झाली नाही. पुढे ढकलली, मग आणखी पुढे. समितीचा अहवाल मात्र वेळेवर निघाला. त्यात मातीवर एक मोठं प्रकरण होतं, बेकायदा बांधकामांच्या माफीबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी तज्ज्ञांच्या नावांत नेस्लिहानचंही नाव होतं. अहवालाची प्रत टपालाने आली तेव्हा तिने ती न उघडताच कपाटात ठेवली आणि यामिनीला विचारलं, "जेवायला जायचं का?"

दोघी कँटीनमध्ये गेल्या. नेस्लिहान नव्या सायकलबद्दल बोलत राहिली. यामिनी 'हो', 'हो' म्हणत राहिली.