चादरीवर उतरलेलं झाड

वाचनालयाच्या दारातला पर्जन्यवृक्ष तोडायच्या कागदावर सही माझी होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे जे झालं त्याबद्दल लोक माझंही कौतुक करायला लागले, आणि दर वेळी मला कसंनुसं झालं.

मी नगरपालिकेत झाडांचा निरीक्षक. सव्वीस वर्षं हेच काम. कुठलं झाड कुठे आहे, कुठलं पोखरलंय, कुणाची मुळं कुणाच्या गटारात शिरलीत, याची माहिती माझ्याकडे. घरी बायको म्हणते, नातेवाइकांची नावं विसरता आणि रस्त्यावरच्या खोडांचे नंबर मात्र तोंडपाठ! तिचं खोटं नाही.

त्या वर्षी वाचनालयाला नवीन वाचनकक्ष मिळाला. त्यातली एक भिंत दहा मीटर लांब आणि कोरी होती. ग्रंथपालबाईंनी मनावर घेतलं की ही भिंत आदिवासी मुलांकडून रंगवून घ्यायची. शहराच्या टोकाला डोंगरातून उतरून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे, दोन पिढ्यांची जुनी. तिथली चार पोरं मिळून चित्रं काढत. त्यांची म्होरकी एकोणीस वर्षांची एक मुलगी. तिच्या घरातल्या बायका चित्र ठिपक्यांनी भरतात, आणि ही तर हातातलं बसचं तिकीटही कोरं सोडत नसे, म्हणून सगळे तिला ठिपकीच म्हणत.

वाचनालयाच्या समितीच्या बैठकीला मी हजर होतो तो फरशी उखडल्याच्या तक्रारीसाठी. झाडाची मुळं पायरीखाली शिरली होती. माझा विषय शेवटचा, म्हणून बसून राहिलो. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माणूस सज्जन, पण एकदा डोक्यात काही घेतलं की ते काढायला सुतार लागावा. त्यांनी सोबत एक जुनं कॅलेंडर आणलं होतं. त्यावर वाघ.

"असा एक वाघ मध्यभागी," ते म्हणाले. "आजूबाजूला हरणं, नदी, तुमचं जंगल. लोकांना तुमची कला दिसली पाहिजे."

ठिपकीने कॅलेंडर नीट पाहिलं. "वाघ मी पाहिलाय सर. प्राणिसंग्रहालयात. झोपला होता."

कुणीतरी खुदकन हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या आजोबांनी तर खरा पाहिला असेल ना?"

"पाहिला. ते असते तर त्यांनी काढलाही असता. मी इथल्या सरकारी दवाखान्यात जन्मले. मला माझ्या रस्त्यावरची झाडं येतात."

आणि तिने पिशवीतून चित्रं काढून टेबलावर मांडली. खोक्यांच्या पुठ्ठ्यांवर काढलेली, हाताच्या पंजाएवढी. मी मान लांब करून पाहिलं आणि खुर्चीतून उठलोच. ठिपके, नुसते ठिपके, पण झाड कुठलं हे विचारायची गरज नव्हती. विजेच्या तारांसाठी मधोमध छाटलेलं, दोन हात वर करून उभं राहिल्यासारखं. कुंपणाची जाळी गिळून बसलेलं. दुकानांच्या जाहिरातींचे खिळे अंगावर वागवणारं. दातांच्या डॉक्टरची पाटी अर्धी सालीखाली घेतलेलं.

"हे एकशे बारा!" मी ओरडलोच.

"त्याला नंबर आहे?" ती म्हणाली. "मी त्याला पाटीखाऊ म्हणते."

सव्वीस वर्षांत त्या खोडाजवळून मी किती वेळा गेलो असेन. पाटी काढून घ्या, अशी नोटीसही मीच दिली होती. पण पाटीचा पत्रा आत जाताना झाडाने ओठ दुमडावेत तशी साल दुमडून घेतलीय, हे मला तिच्या पुठ्ठ्यावर दिसलं.

अध्यक्ष म्हणाले, "चित्रं छान आहेत. पण ही शहरातली झाडं झाली. यात आदिवासी काय?"

ठिपकीने पुठ्ठे गोळा करून एकावर एक ठेवले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी, सर."

शेवटी ग्रंथपालबाईंनी मध्यममार्ग काढला. एका महिन्यात आराखडा दाखवा, मग ठरवू. वाघाचं कॅलेंडर अध्यक्षांनी तिच्या हाती ठेवलंच, असू दे म्हणून.

पंधरा दिवसांनी सकाळी मी लाकडी हातोडी घेऊन वाचनालयापाशी गेलो, तर ती समोरच्या पायरीवर बसून तेच दारातलं झाड काढत होती. भिंतीच्या मध्यभागी ती त्यालाच घेणार होती.

"अगं, हे जाणार आहे," मी म्हणालो. "पुढच्या मंगळवारी. आतून पोकळ झालंय. रोज खालून शंभर पोरं जातात."

"कुणी ठरवलं?"

"मी."

आता ही रडणार, नाहीतर भांडणार, अशी मी तयारी केली. दोन्हींची मला सवय आहे. ती उठली, झाडापाशी आली आणि म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं? मला शिकवा."

मी हातोडीने खोडावर ठोकलं. भरीव लाकूड टणक, बारीक आवाज देतं. पोकळी असली की आवाज बसतो, रिकाम्या डब्यासारखा. तिने हातोडी मागून घेतली आणि कान सालीला लावला. ठोकायची, ऐकायची आणि जिथे आवाज बदलेल तिथे खडूची खूण करायची. असं खोडाभोवती फिरत फिरत, वर-खाली, तिने तासभर काढला. येणारे-जाणारे थांबून बघत होते, तिला त्याचं भान नव्हतं. शेवटी खडूच्या खुणा जोडल्या तेव्हा खोडावर एक वाकडातिकडा आकार उमटला, खाली रुंद आणि वर निमुळता.

"एवढी जागा रिकामी आहे," ती म्हणाली.

माझ्याकडच्या नव्या भरतीतल्या पोरांना हे कळायला दोन वर्षं लागतात. हे मी तिला सांगितलं नाही. पण त्या दिवशी ऑफिसात चहा पिताना तीनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आत्याला घेऊन आली. आई-वडिलांमागे आत्यानेच तिला वाढवलेलं. आत्या मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. पाण्याने पांढरे पडलेले हात, आणि तोंडात शब्द मोजके. मीही ऑफिसातून परतताना थांबलो होतो.

"काका, एक अडचण आहे," ठिपकी म्हणाली. एका दिवसात मी साहेबाचा काका झालो होतो. "हे झाड बाहेरून आलेलं. आमच्या भाषेत त्याला नावच नाही. बिननावाचं कसं जाऊ द्यायचं?"

आत्या पायरीवर बसली. अर्धा तास वर बघत राहिली. उजेड कमी झाला तशी पर्जन्यवृक्षाची पानं मिटायला लागली. ती रोजच मिटतात. पुस्तकात कारण दिलंय, मला पाठ आहे. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू पसरत गेलं, पाळण्यातल्या मुलाचे डोळे जड होताना बघून येतं तसं. तिने आपल्या भाषेत दोन शब्द उच्चारले.

"लवकर निजणारा," ठिपकीने अर्थ सांगितला. "आत्याने आज पहिल्यांदा इथल्या कशाला तरी नाव दिलं."

मंगळवारी झाड उतरवलं. आधी फांद्या, मग खोड, दोरखंड लावून, तुकड्या-तुकड्याने. ती पूर्ण वेळ रस्त्यापलीकडे उभी होती. कमरेएवढं खोड उरलं तेव्हा मी आत डोकावलो. मधली पोकळी नेमकी तिच्या खडूच्या आकाराची होती. करवतवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. तिने फक्त विचारलं, "हा बुंधा अजून आठवडाभर ठेवता येईल?"

तेवढं माझ्या हातात होतं.

त्या आठवड्यात चौघांनी तो कापलेला भाग आधी घासून आरशासारखा सपाट केला. मग तारेच्या ब्रशने मऊ लाकूड खरवडून काढलं, म्हणजे वाढीची वलयं उंचवटे होऊन वर राहिली. त्यावर रुळाने काळी शाई फिरवली. त्याचा ठसा उचलायचा होता, पण बुंधा चार फूट रुंद, आणि एवढा मोठा कागद ओला झाला की फाटत होता. दोन दिवस नुसते लगदे झाले. पोरं रडकुंडीला आली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आत्या पाळी संपवून आली, बरोबर धुलाईखान्यातल्या तीन बायका. काखेत दवाखान्यातून बाद झालेल्या चादरी. वर्षानुवर्षं धुऊन त्या इतक्या मऊ झालेल्या की हातात धरल्या तरी वजन लागू नये.

ठिपकी चादर धरायला पुढे झाली, तर आत्याने तिच्या हातावर चापट मारली. "चादर अशी धरतात? सरक!"

चौघी बायका चार कोपऱ्यांवर उभ्या राहिल्या. एकमेकींकडे पाहिलं, एक झटका दिला, चादर हवेत फुगली आणि एकही सुरकुती न पडता, मधल्या भागापासून कडेकडे, बुंध्यावर उतरली. हेच काम या बायका दिवसातून दोनशे वेळा करत होत्या, आणि आजवर कुणी उभं राहून पाहिलं नव्हतं.

मग पळीच्या पाठीने चादर घासायची. हळूहळू कापडातून काळी रेघ वर आली, मग दुसरी, तिसरी. पहिला ठसा फिका आला, दुसरा सरकला. तिसरी चादर उचलली तेव्हा सगळं झाड तिच्यात आलेलं होतं. पाणी पोटभर मिळालेली रुंद वर्षं, कोरडी अरुंद वर्षं, रस्ता खोदला तेव्हाचा व्रण, आणि मधोमध ती पोकळी, पांढरी स्वच्छ.

ठिपकी मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. आत्या म्हणाली, "वाळत घाला आधी, मग हसा."

आराखडा समितीत मंजूर झाला, आणि भिंत पुरी व्हायला दोन महिने लागले. मी वेळ मिळेल तसा जाऊन बसे. मध्यभागी चादर, भिंतीला चिकटवलेली, आणि तिच्या वलयांपासून निघून दोन्ही टोकांपर्यंत पसरत गेलेले ठिपके. किती, ते देव जाणे. लांबून बघितलं तर आपलंच शहर. पाटीखाऊ होता, जाळी गिळणारा होता, पुलाच्या फटीत उगवलेलं बोटभर रोप होतं. तारांवर खारी होत्या, बस थांब्यावर सावलीत उभी माणसं होती. जवळ जावं तर नुसते ठिपके, आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या हाताचा. एक मुलगा घाईने टेकवणारा, एक मुलगी ब्रश हलकेच फिरवणारी. ठिपकीचे कुठले, ते मला शेवटी शेवटी ओळखू यायला लागले. तिचा ठिपका पूर्ण गोल नसे. किंचित खाली ओघळे, जणू अजून ओला असावा.

प्रत्येक झाडाखाली आत्याने दिलेलं नाव होतं. एव्हाना वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकाही नावं सुचवायला लागल्या होत्या, आणि त्यावरून भांडणंही झाली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष पाहायला आले. हात मागे बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. चादरीसमोर थांबले.

"मध्ये पांढरंच ठेवलंय?"

"तिथे काही नव्हतं सर," ठिपकी म्हणाली. "म्हणून काही काढलं नाही."

ते आणखी जवळ सरकले. मग बोटाने, भिंतीला न टेकवता, एका वलयामागून गोल फिरत गेले. काय मोजत होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. जाताना दारातून म्हणाले, "वाघ असता तर बरं झालं असतं." दुसऱ्या दिवशी मात्र पाहुण्यांना भिंतीपुढे उभं करून त्यांनी अर्धा तास एकेक झाड समजावून सांगितलं, नावांसकट, उच्चार चुकवत. ऐकणाऱ्याला वाटावं, कल्पना त्यांचीच.

ठिपकीला दोन शब्द बोलायला सांगितलं, तर तिने आत्याला पुढे केलं. आत्या आपल्या भाषेत बोलली, मिनिटभर, खाली बघून. टाळ्या झाल्या. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अर्थ सांग ना गं."

"तो आमच्या बायकांसाठी होता," ठिपकी म्हणाली. मागच्या रांगेत धुलाईखान्यातल्या बायका डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

त्यानंतर दोन-तीन शाळांनी तिला भिंती देऊ केल्या. तिने सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि आधी धुलाईखान्याची भिंत हाती घेतली. आत, जिथे वाफ असते आणि बाहेरचं कुणी येत नाही. तिथे समितीही नव्हती. परवा रविवारी मी गेलो तर तिने माझ्या हातात रंगाची बादली आणि ब्रश दिला.

"काका, खिडकीबाहेरच्या झाडाची मुळं भिंतीवर काढायचीत. जमिनीखाली ती कुठवर गेलीत, हे तुम्हालाच ठाऊक."

मी चप्पल काढली, बाह्या सारल्या आणि ओल्या फरशीवर गुडघे टेकले. पहिला ठिपका भलताच मोठा पडला.

"चालेल," ती म्हणाली. "तिथे गाठ असेल."